विंचवाचे प्रथिन, पेशीचे पटल आणि संगणकाची साक्ष

गेल्या भातकापणीच्या दिवसांत एका औषधनिर्मात्याचे प्रतिनिधी आमच्या पोलादपूर येथील चिकित्सालयात आले. हातात एका लेपाची नळी, एका वटीची पुडी आणि गुळगुळीत कागदावरचे देखणे पत्रक. विंचू, गांधीलमाशी, गोम इत्यादींच्या दंशावर हा योग गुणकारी असल्याचे त्यांनी सांगितले. पत्रकाच्या मध्यभागी एक रंगीत चित्र होते. हिरव्या फितीची गुंडाळी, तिच्या खाचेत बसलेला पिवळा रेणू आणि खाली ठळक अक्षरांत ‘संगणकाद्वारे सिद्ध’ असे शब्द. हिरवी गुंडाळी म्हणजे विंचवाच्या विषातील प्रथिन आणि पिवळा रेणू म्हणजे त्यांच्या योगातील एका वनस्पतीचे कार्यकारी तत्त्व, असे स्पष्टीकरण मिळाले. दोहोंच्या बंधाचा अंक ‘उणे नऊ’ येतो आणि हा अंक फार उत्तम असतो, असेही ते म्हणाले. उणे नऊ म्हणजे काय, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी चहाचा पेला उचलला आणि विषय पावसाकडे वळविला.

त्या गृहस्थांचा दोष नाही. त्यांना जे पढविले गेले ते त्यांनी म्हटले. परंतु त्या आठवड्यात तेच पत्रक आम्हांस दोन औषधी दुकानांच्या गल्ल्यावर पाहावयास मिळाले, आणि एका सुविद्य वैद्यमित्राने ते मोठ्या अभिमानाने आम्हांस दाखविले. आपल्या शास्त्राला आता संगणकाचे प्रमाणपत्र मिळू लागले, अशी त्यांची भावना होती. ही भावना आम्ही समजू शकतो. तथापि ज्या महाड-पोलादपूरच्या मातीत विंचवाने किती मुले नेली हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे, त्या मातीत असे पत्रक खपावे हे आम्हांस अस्वस्थ करणारे वाटले. संगणकावर प्रथिन आणि पेशीपटल यांचा अभ्यास कसा होतो, त्यातून खरोखर काय कळते आणि काय कळत नाही, हे आपण वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. नपेक्षा आपण दुसऱ्याच्या शास्त्रालाही न्याय देणार नाही आणि आपल्याही.

प्रथम विंचवाविषयी. आपल्या भागातील जांभ्या दगडाचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, सरपणाच्या मोळ्या आणि घराबाहेर काढून ठेवलेली पायताणे ही लाल विंचवाची आवडती ठिकाणे. काळा विंचू आकाराने मोठा आणि दिसावयास भीषण, पण जीव घेतो तो हा लहानखुरा लाल विंचू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे वर्ग केले आहेत, हे अगदतंत्राचा अभ्यास केलेल्या प्रत्येकास स्मरत असेल. सर्व विंचू सारखे नव्हेत, हे आपल्या आचार्यांनी ओळखले होते. एकनाथांच्या भारुडातील विंचू आध्यात्मिक असला तरी तो चावल्यावर अंगाला घाम सुटतो, हा तपशील मात्र निखळ वैद्यकीय आहे. विंचूदंशानंतरचा दरदरून घाम हे साधे लक्षण नव्हे, हे पुढे महाडनेच जगाला सांगितले.

तो इतिहास येथील वाचकांस ठाऊक असला तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण येत आणि त्यांतील काही फुप्फुसांत पाणी भरून डोळ्यांदेखत दगावत. या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये शिश्नाचा ताठरपणा ही लक्षणे एकत्र दिसली की पुढे हृदयावर संकट येणार, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी या रुग्णांत वापरले, आणि त्याविषयीचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. प्राझोसिनपूर्वीच्या काळात पश्चिम महाराष्ट्रातील तीव्र विंचूदंशाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २५ ते ३० होते. ते पुढे शेकडा एकाच्या आसपास आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाड येथील ७० रुग्णांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांच्या आत बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

या हकिकतीत एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९८० च्या दशकात उपचार सापडला तेव्हा विंचवाचे प्रथिन पेशीच्या पटलावर नेमके कोठे व कसे बसते, याचे चित्र जगात कोणाजवळही नव्हते. उत्तर आफ्रिकेतील एका विंचवाचे विष-प्रथिन सोडियमच्या द्वाराला चिकटलेल्या अवस्थेत अणुपातळीवर प्रथम दिसले ते २०१९ साली. म्हणजे बिरवाडी-महाडच्या खाटेवर रुग्ण बरे होऊ लागल्यावर सुमारे पस्तीस वर्षांनी. चित्र मागाहून आले.

आता ते चित्र काय सांगते ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. या पटलातील रेणूंची डोकी पाण्याकडे वळलेली आणि शेपट्या आत एकमेकींकडे. तूप आणि पाणी मिसळत नाही, याच साध्या न्यायाने हे पटल टिकून राहते. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युत्भारित कणांना ते ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची बनलेली द्वारे असतात. सोडियमचे द्वार उघडले की मज्जातंतूत संदेश उठतो आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ते पुन्हा मिटते. विंचवाच्या विषातील साठ ते सत्तर अमिनो आम्लांची लहान प्रथिने या द्वाराच्या विद्युत्संवेदी भागाला पकडून ठेवतात आणि द्वार वेळेवर मिटू देत नाहीत. दाराच्या फटीत पाचर मारावी तसे. मग संदेशांमागून संदेश सुटतात, स्वायत्त मज्जासंस्था खवळते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरते. प्राझोसिन हे सोडियमच्या द्वाराला अथवा विषाला स्पर्शही करीत नाही. रक्तवाहिन्यांच्या पेशीपटलावर अल्फा नावाची दुसरी प्रथिने असतात, तेथे बसून ते वाहिन्या सैल करते. विष एका द्वाराशी आणि औषध भलत्याच द्वाराशी. केवळ विषाच्या प्रथिनाचे चित्र पुढे ठेवून औषध शोधणाऱ्यास प्राझोसिन कधी सुचले असते काय, हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

आपल्याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे केले गेले. ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट द्वारास अडविते आणि ते द्वार ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. येथील गडग्यातील प्राणी परदेशीच्या शीतपेटीत किमती नमुना म्हणून मान मिळवितो आणि इकडे त्याच्या दंशाला गल्ल्यावर वटी मिळते, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ.

संगणकाकडे वळू. प्रथिन आणि पटल यांचे हे व्यवहार सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहणे अतिशय दुष्कर, म्हणून ते संगणकात घडवून पाहण्याची पद्धत निघाली. इंग्रजीत तिला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. आपण तिला रेणूंच्या हालचालीचे प्रतिरूप म्हणू. प्रथिनातील, पटलातील आणि भोवतालच्या पाण्यातील प्रत्येक अणू हा एक गोळा मानावयाचा, अणूंमधील बंध स्प्रिंगांसारखे मानावयाचे, प्रत्येक अणूवर इतर सर्व अणूंचे किती बल पडते ते मोजावयाचे आणि न्यूटनच्या नियमाने तो अणू पुढील क्षणी कोठे सरकेल हे काढावयाचे. मग पुन्हा बल, पुन्हा सरकणे. पटलासह एका प्रथिनाच्या प्रतिरूपात असे अणू सहज लाखावर जातात. प्रत्येक पायरी साधारणतः दोन फेम्टोसेकंदांची. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पाहावयाचा तर अशा ५० कोटी पायऱ्या मोजाव्या लागतात. सोडियमचे द्वार मिटण्यास लागणारा एक मिलिसेकंद पाहावयाचा तर ५० हजार कोटी. आणि आपला रुग्ण? त्याच्या फुप्फुसांत पाणी उतरण्यास काही तास लागतात. या दोन काळांमधील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज ‘संगणकाद्वारे सिद्ध’ या शब्दांचे वजन कळणार नाही.

ही पद्धत पोरकट आहे असे मात्र आमचे म्हणणे बिलकुल नाही. १९७७ साली मॅककॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी ५८ अमिनो आम्लांच्या एका लहान प्रथिनाची हालचाल प्रथम संगणकावर घडविली, ती जेमतेम नऊ पिकोसेकंदांची, तीही पाण्याशिवाय आणि पटलाशिवाय. त्या लहानशा प्रयोगाने प्रथिन म्हणजे दगडी मूर्ती नव्हे, ते सतत थरथरत असते, ही दृष्टी दिली. कारप्लस यांना २०१३ साली लेव्हिट आणि वॉर्शेल यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही या विचाराची परंपरा जुनी आहे. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, हे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास येथे १९६३ साली दाखविले, आणि तो आलेख आजही जगातील प्रत्येक प्रथिनाच्या तपासणीत वापरला जातो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, आणि पुण्याच्याच आयसर संस्थेत आज ‘परम ब्रह्म’ आहे. घाट चढून गेले की ही सामग्री आहे. ती परकी म्हणून दूर लोटण्याचे आपणांस कारण नाही.

पण ज्यांनी ही विद्या घडविली ते तिच्याविषयी किती सावध असतात, ते पाहण्यासारखे आहे. विषांचेच उदाहरण घेऊ. काही कोळ्यांच्या विषातील प्रथिने पोटॅशियमच्या द्वाराच्या संवेदी भागाला धरतात. ती तेथे पोहोचतात कशी? २००४ साली ली आणि मॅककिनन यांनी ‘नेचर’मध्ये असे मांडले की, ही प्रथिने प्रथम पेशीपटलाच्या स्निग्ध द्रव्यात शिरतात आणि तेथून द्वारापर्यंत जातात. पाठोपाठ ऑक्सफर्ड येथील सॅन्सम यांच्या गटाने संगणकीय प्रतिरूपांत अशी प्रथिने पटलात सोडून पाहिली. ती पटलाच्या पृष्ठभागाजवळ, पाणी आणि स्निग्ध द्रव्य यांच्या सीमेवर स्थिरावतात, असे दिसले. मोठा सुरेख विचार. मग तोच न्याय विंचवालाही लागू असेल, असे कोणासही वाटावे. परंतु २००६ साली इस्रायलमधील संशोधकांनी सोडियमच्या द्वारावर काम करणारी विंचवाची काही प्रथिने प्रत्यक्ष प्रयोगाने तपासली, तेव्हा ती पटलात शिरत नाहीत असे आढळले. एका विषारी जीवाचा न्याय दुसऱ्याला लागू पडला नाही. प्रतिरूपाने प्रश्न नेमका केला आणि उत्तर प्रयोगाने दिले. शास्त्र असे चालते, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आता त्या पत्रकातील चित्राकडे परत येऊ. ते चित्र अशा प्रतिरूपाचेही नव्हते. ते होते ‘डॉकिंग’चे. डॉकिंगमध्ये प्रथिन बहुतांशी स्थिर धरतात, त्याच्या खाचेत एक लहान रेणू निरनिराळ्या प्रकारे बसवून पाहतात आणि कोणत्या स्थितीत तो किती घट्ट बसेल याचा अंदाज अंकात मांडतात. उणे नऊ हा तो अंदाज. साध्या संगणकावर हे काम काही मिनिटांत होते. यात भोवतालचे पाणी पुष्कळदा नसते, पेशीपटल बहुधा नसते, काळ तर नसतोच. आणि मुख्य म्हणजे संगणकास कोणताही रेणू द्यावा, तो अंक देतोच. साखरेचा रेणू दिला तरी देईल. हजारो रेणूंतून प्रयोगशाळेत कोणते आधी तपासावेत, याची निवड करण्यासाठी हे साधन निर्माण झाले, आणि त्या कामी ते उपयुक्त आहे. गव्हातले खडे वेचण्यासाठी सूप आहे. सुपात भाकरी भाजत नाही.

शिवाय तो पिवळा रेणू खाचेपर्यंत जावयाचा कसा, याविषयी चित्र मुग्ध आहे. लेप त्वचेवर लागतो. विष नांगीने त्वचेखाली सोडले जाते आणि अल्पावधीत रक्तात पसरते. वटी पोटात विरघळावी, आतड्यातून शोषली जावी, यकृतातून तरून जावी आणि पुरेशा मात्रेत रक्तात उतरावी, तेव्हा कोठे विषाशी गाठ. तोपर्यंत विष मज्जातंतूंच्या द्वारांशी जाऊन बसलेले असते. आणि ज्या रुग्णाने नुकतीच ओकारी केली आहे त्याच्या पोटात वटी राहणार किती?

येथे आम्हांस आपल्या शास्त्राच्या बाजूनेही एक आक्षेप नोंदवावयाचा आहे. आपण द्रव्याचा विचार रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांनी करतो. योगात अनेक द्रव्ये असतात, त्यांवर संस्कार असतात, अनुपान असते, रुग्णाची प्रकृती आणि अग्नी यांचा विचार असतो. डॉकिंगमध्ये एका वनस्पतीतील शेकडो घटकांपैकी एक रेणू उचलला जातो. त्या एका रेणूच्या अंकावरून संपूर्ण योगाला ‘सिद्ध’ म्हणणे हे आधुनिक शास्त्रालाही मान्य नाही आणि चरक-सुश्रुतांनाही मान्य झाले नसते. जे मित्र एरवी ‘एकेक घटक वेगळा काढून आयुर्वेद कळत नाही’ असे सभांमधून सांगतात, तेच मित्र एका घटकाचे रंगीत चित्र दिसताच हरखून जातात, याची आम्हांस मौज वाटते.

पेशीपटलाच्या बाबतीत तर आपल्या वनस्पतींविषयी एक संशोधन असे आहे की, ते प्रत्येक वैद्याने वाचावे असे आम्ही आग्रहाने सांगू. २०१४ साली ‘एसीएस केमिकल बायॉलॉजी’ या नियतकालिकात हळदीतील कर्क्युमिन, मिरचीतील कॅप्सेसिन, हिरव्या चहातील आणि द्राक्षातील काही तत्त्वे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोग होते आणि संगणकीय प्रतिरूपेही होती. ही तत्त्वे पटलातील एखाद्या विशिष्ट प्रथिनाच्या खाचेत बसतात म्हणून परिणाम करतात असे नव्हे, तर ती स्वतः पटलात शिरून पटलाचा ताठपणा बदलतात, आणि पटल बदलले की त्यात रोवलेली एकमेकांशी संबंध नसलेली अनेक प्रथिने आपले वर्तन बदलतात, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ असा की, कर्क्युमिन अमुक प्रथिनावर काम करते, तमुक प्रथिनावर काम करते, अशा ज्या शेकडो बातम्या आपण वाचतो, त्यांतील कित्येकांचे मूळ कोणत्याही खाचेत नसून पटलाच्या मऊपणात असू शकेल. डॉकिंगच्या चित्रात पटलच नसते; मग हे त्यात दिसावे कोठून?

काही मित्र यावर लगेच म्हणतील की, पाहा, एकच द्रव्य अनेक ठिकाणी काम करते हे आम्ही आधीच सांगत होतो. सबुरी हवी. त्या निबंधकारांनी याकडे गौरव म्हणून पाहिले नाही, इशारा म्हणून पाहिले. जे द्रव्य काचपात्रात सगळ्याच प्रथिनांना हलविते, त्याच्याविषयीचा प्रत्येक काचपात्रातील निष्कर्ष दुप्पट काळजीने तपासावा लागतो. आणि काचपात्रातील मात्रा रुग्णाच्या रक्तात साधते की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. हळद आम्ही रोज वापरतो आणि वापरत राहू. तिच्या गुणांची साक्ष आम्हांस व्रणावर मिळते, ती संगणकावर शोधण्याची आम्हांस निकड वाटत नाही.

२०२० साली महामारीत काय झाले ते आठवावे. दिल्लीच्या आयआयटीतील आणि जपानमधील संशोधकांनी अश्वगंधेतील विथॅनोन या तत्त्वाचा विषाणूच्या प्रथिनाशी आणि मानवी पेशीपटलावरील एका प्रथिनाशी होणारा संबंध संगणकावर अभ्यासला. त्यांनी ते संशोधन रीतसर प्रसिद्ध केले आणि पुढील तपासण्यांची आवश्यकताही सांगितली. बातमी मात्र ‘अश्वगंधा कोरोनावर प्रभावी’ अशी पसरली. अश्वगंधेच्या चूर्णासाठी दुकानांपुढे रांगा लागलेल्या आम्ही महाडात पाहिल्या आहेत. ज्येष्ठमध, गुळवेल, तुळस, प्रत्येकीच्या नावे एक रंगीत चित्र भ्रमणध्वनीवर फिरत होते. त्या चित्रांपैकी किती चित्रांच्या मागे पुढे रुग्णांवरची चाचणी आली, याचा हिशेब आपल्यापैकी कोणी ठेवला?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनात डेव्हिड बेकर यांच्या गटाने नागवर्गीय सापांच्या विषातील काही प्रथिनांना घट्ट धरून ठेवणारी नवी प्रथिने संगणकावर रचली. बेकर यांना आदल्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला होता. पण ते रचनेवर थांबले नाहीत. ती प्रथिने त्यांनी प्रत्यक्ष बनविली, त्यांची घडण रचनेशी जुळते का ते पाहिले, मग विष दिलेल्या उंदरांना ती देऊन उंदीर वाचतात हे दाखविले. आणि इतके करूनही ती सर्पदंशाचे औषध म्हणून बाजारात नाहीत, कारण माणसावरची पायरी अजून उरली आहे. त्या गटाच्या सावधपणाशेजारी आपले ‘उणे नऊ’ ठेवून पाहावे.

हे सारे आम्ही उंच आसनावर बसून सांगत आहोत, असे कोणास वाटू नये. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. घाटाखालच्या एका वाडीतून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लोकांनी संध्याकाळी आमच्याकडे आणले. पेंढा काढताना विंचवाने पायाच्या अंगठ्याला नांगी मारली होती. वेदना फार नव्हती. तेच आम्हांस दिलासादायक वाटले. आम्ही लेप लावला, वटी दिली, आईला धीर दिला आणि मुलाला बाकावर निजविले. विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण आम्ही असेच बरे करून पाठविले होते. निदान आम्ही बरे केले अशी आमची समजूत होती. बहुसंख्य विंचूदंश औषधावाचून एका दिवसात उतरतात, म्हणून लेप लावणाऱ्या प्रत्येकाच्या पदरी यश पडते, आणि मांत्रिकाच्याही पडते, हे आम्हांस तेव्हा उमजले नव्हते. दोन तासांनी मुलाच्या आईने त्याचा सदरा ओला झाल्याचे दाखविले. हात धरून पाहिला तर बर्फासारखा गार. वेदना कमी म्हणजे विष कमी, हे समीकरण आमच्या डोक्यात कोठून बसले होते देव जाणे. एक जीप मिळाली, मूल महाडला पोहोचले आणि वाचले. त्या दोन तासांचे ओझे मात्र आमच्याच खांद्यावर आहे, आणि ते लेपाच्या नळीवर किंवा शास्त्रावर टाकण्याची आम्हांस मुभा नाही.

त्या रात्री आमच्या हातात असे पत्रक असते, तर आम्ही आणखी एक तास थांबलो असतो, अशी आम्हांस भीती वाटते. रंगीत चित्राचा धोका तो हाच. चित्र खोटे नसते. ते चिकित्सकाला खोटा धीर देते.

म्हणून औषधविक्रेते बंधूंस आमची विनंती आहे. विंचवावर काही द्या असे म्हणत कोणी दुकानात आले, तर प्रथम ज्याला दंश झाला तो कोठे आहे ते विचारावे. घाम, ओकारी, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही असेल, अथवा ते लहान मूल असेल, तर काउंटरवरून काहीही न देता त्याला सर्व सोयी असलेल्या रुग्णालयाकडे पाठवावे. प्राझोसिन ठेवत असाल तर साधी गोळी आणि मंदगतीने विरघळणारी गोळी या एक नव्हेत, हे ध्यानात असावे. आणि या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून ते हातात देऊन रुग्णास चालत घरी पाठविण्याचे औषध नव्हे. दंशावरील कोणत्याही मालासाठी असे पत्रक घेऊन कोणी आले, तर हा अंक कोणत्या प्रयोगाने पडताळला, किती रुग्णांना हा योग दिला आणि तो न दिलेल्या रुग्णांशी तुलना कोठे प्रसिद्ध झाली, हे लेखी मागावे. लेखी मागितल्यावर पुष्कळ पत्रके परत बॅगेत जातात, असा आमचा अनुभव आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याची आठवणही देण्यास हरकत नाही.

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपुढेही आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. आपल्या त्रैमासिकात केवळ डॉकिंगवर आधारलेला लेख आला तर तो संशोधनपर लेख म्हणून छापू नये, टिपण म्हणून छापावा, आणि पुढील प्रयोग झालेला नाही हे शीर्षकाखालीच लिहावे. जाहिरातींच्या बाबतीत ‘संगणकाद्वारे सिद्ध’ हे शब्द सरळ नाकारावेत, मग जाहिरातीचे उत्पन्न बुडाले तरी बुडो. आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी हल्ली प्रबंधासाठी डॉकिंगकडे धाव घेतात, कारण ते बसल्या जागी होते. त्यांना अडवू नये. पण त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना एक पावसाळा बिरवाडीच्या किंवा पोलादपूरच्या रुग्णालयात बसवावे, विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाची वेळ, लक्षणे, आधी काय लावले आणि कोणी लावले, किती वेळ गेला, याची नोंद करावयास लावावी. आधी वैद्याकडे, मग दुकानात, मग रुग्णालयात अशा फेऱ्यांत किती तास जातात, याची पद्धतशीर मोजणी आम्ही तरी पाहिलेली नाही. तिला महासंगणक लागत नाही. वही लागते, आणि त्या नोंदींत आपली स्वतःची नावे निघाली तर ती वाचण्याची तयारी लागते.

आमची वही आम्ही या मार्गशीर्षापासून सुरू केली आहे. पहिल्या पानावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे आणि त्याखाली महाडच्या रुग्णालयांचे दूरध्वनी. आतापर्यंत अकरा रुग्णांची नोंद झाली. नऊ जणांना केवळ वेदना होती. दोघांना आम्ही घाम पाहताच गाडीत घातले. त्यांतील एकीच्या पायाला आधीच लेप लावलेला होता, आणि त्याची नळी त्याच पत्रकातली होती.